पांढऱ्या भिंतीला कावेचा काठ

माझं माहेर उमरग्याच्या खाली, जिथं घरात कानडी आणि बाजारात मराठी बोलतात अशा एका खेड्यात. तिथं घर कितीही लहान असलं तरी रस्त्याकडची भिंत पांढरी असायची, आणि तिला खालून गुडघ्याएवढा कावेचा तांबडा पट्टा. सणावाराला बायका त्या पट्ट्यावर चुन्याचे ठिपके काढायच्या. परगावचा माणूस गल्लीत शिरला की त्याला आधी भिंती भेटायच्या, मग माणसं. सगळ्या मुलखात असंच असतं अशी माझी समजूत होती.

पंधराव्या वर्षी मी भूमला नांदायला आले. बैलगाडीतला तो प्रवास मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतो. डोळा लागायचा, पुन्हा उघडायचा, आणि बाहेर तोच पिवळा माळ, तीच बाभळ, जणू गाडी जागची हललीच नव्हती. ती थांबली तेव्हा ऊन कलतं होतं. मी पदराआडून समोर पाहिलं. घर धाब्याचं, चांगलं रुंद होतं, पण भिंतीचा गिलावा पोपडे धरून गळून पडला होता आणि आतले दगड उघडे पडले होते. ओटा एका अंगानं खचला होता. दाराशेजारी दुकानाच्या फळ्या लावलेल्या होत्या. सासरे होते तोवर तिथं तेलामिठाचं दुकान चालायचं, ते गेल्यापासून त्या फळ्या कुणी काढल्या नव्हत्या. चौकटीच्या वर दगडांच्या फटीत पिंपळाचं एक रोप वाढत होतं. हे घर आजारी आहे, असं माझ्या मनात आलं.

आतून मात्र सगळं लख्ख होतं. सासूबाईंना मी अत्ती म्हणायची, आमच्या कानडीत सासूला तसंच म्हणतात. त्यांना त्या हाकेचं बरं वाटायचं. त्या चाळिशीच्या असतील. पहाटे उठून लिंगपूजा करायच्या, मग दिवसभर बोलणं कमी आणि हात चालू. बाहेरच्या भिंतीचं विचारायला मी कितीतरी दिवस धजले नाही. एकदा विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, माणूस गेल्यावर बाहेरचं कोण बघतंय.

नवऱ्याबद्दल सांगायचं तर लग्नात मी त्यांच्याकडं नीट पाहिलंच नव्हतं. पाहायचं नसतं असं आईनं बजावलं होतं, आणि मी ते फारच मनावर घेतलं. नांदायला आल्यावरही ते दिवसभर बाहेर असत. संध्याकाळी आले की सोप्यात दोन-चार सोबत्यांबरोबर बार्शीहून आलेलं वर्तमानपत्र हळू आवाजात वाचत बसत. मी आतून चहा पाठवायची. माझ्याशी बोलताना ते भिंतीकडं पाहत आणि मी जमिनीकडं. पावसाळा लागायच्या आधी एका सकाळी, बाजाराला निघावं तसं, बार्शीला जाऊन येतो म्हणून ते गेले. बार्शी तेव्हा निजामाच्या हद्दीबाहेर, करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यापलीकडं. आठ दिवसांनी कळलं की ते तिकडच्या कॅम्पात राहिले आहेत आणि राज्य बदलल्याशिवाय परत येणार नाहीत.

मग चौकशीला माणसं आली. पोलीस होते, आणि नंतर रझाकारांतलेही आले. अत्तींनी उंबऱ्यात उभं राहून सांगितलं की मुलगा सांगून गेला नाही, कुठं आहे ते ठाऊक नाही. माणसं गेल्यावर त्यांनी मोठ्या दाराला आतून अडसर घातला. त्या दिवसापासून आम्ही मागच्या बोळातून ये-जा करू लागलो. मी एकदा धीर करून म्हटलं, की भिंतीला निदान माती तरी लावू या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "घर असंच दिसू दे. बघणाऱ्याला वाटू दे, आत कुणी न्हाय आन काय बी न्हाय."

तेव्हा मला समजलं की ती भिंत आता नुसती दुर्लक्षानं पडकी राहणार नव्हती, ती मुद्दाम पडकी ठेवायची होती. पिंपळाचं रोपसुद्धा त्यांनी काढू दिलं नाही.

ते वर्ष मी दुकानाच्या अंधाऱ्या खोलीत काढलं असं म्हटलं तरी चालेल. दुपारी अत्ती आडव्या झाल्या की मी तिथं जाऊन बसायची. फळ्यांच्या फटींतून उन्हाच्या बारीक रेघा आत यायच्या आणि त्यांत धूळ तरंगायची. जुन्या तेलाचा वास जमिनीत मुरलेला होता. फटीला डोळा लावला की रस्त्याची एक उभी चीर दिसायची. त्या चिरेतून आठवड्याचा बाजार जायचा, बैलांची शिंगं, बायकांच्या डोक्यावरच्या पाट्या. चैत्रात येरमाळ्याच्या यात्रेच्या गाड्या गेल्या, त्यांची घुंगरं आधी ऐकू आली आणि गाड्या दिसल्या त्या एकेका चाकानं. मी तिथं बसून मनातल्या मनात बाहेरची भिंत सारवायची. आधी दगडांच्या सांध्यांत माती भरायची, मग पांढऱ्या मातीचा हात, मग चुना. कधी पेंग यायची आणि झोपेतही कुंचा चालूच राहायचा. जागी झाले की खरंच बाहेर सगळं पांढरं झालं असेल असं क्षणभर वाटायचं.

आमच्या घराला लागूनच एका मुसलमान रंगाऱ्याचं घर होतं. मधली भिंत एक, पुढचा ओटाही एकच, दोन्ही दारांपुढून सरळ गेलेला. रंगारी पागोटी आणि लुगडी रंगवायचा, वयानं बराच पिकलेला होता. त्याच्या बायकोला सगळी गल्ली खाला म्हणायची. तिची मुलगी परंड्याकडं दिलेली, घरात दोघंच. आमच्या मागल्या दारी मधल्या भिंतीत एक लहान खिडकी होती, तिच्यातून विस्तव, मीठ, कढीपत्ता इकडून तिकडं जायचा. चौकशीला माणसं आली त्या दिवसापासून खाला रोज सकाळी त्या खिडकीशी येऊन आम्ही दोघी बऱ्या आहोत ना, एवढं विचारून जायची. जास्त काही बोलायची नाही.

पुढच्या भाद्रपदात हिंदी फौज आली. आम्ही फौज पाहिली नाही, नुसता आवाज ऐकला, आणि मग गावात आरोळ्या, गुलाल, घंटा. मी दार उघडायला धावले. अत्तींनी माझा हात धरला आणि थोडं थांब म्हणाल्या. त्यांचं बरोबर होतं. दुसऱ्या दिवसापासून गावाबाहेरून माणसांच्या टोळ्या येऊ लागल्या. कुणी सूड घ्यायला निघालं होतं, कुणी नुसतं लुटायला, आणि त्यांना रंगारी आणि रझाकार यांत फरक करायचा नव्हता.

सकाळी खाला खिडकीशी आली तेव्हा तिनं रोजचा प्रश्न विचारला नाही, खिडकीची चौकट दोन्ही हातांनी धरली. अत्तींनी तिला आणि रंगाऱ्याला मागल्या बोळातून आत घेतलं आणि दुकानाच्या खोलीत बसवलं, जिथं मी बसायची तिथं. ती दोघं बरेच दिवस तिथं राहिली. खाला भाकरी खाताना पदराच्या आत खायची, चावल्याचा आवाज बाहेर जाईल म्हणून. एका दुपारी ओट्यावर पावलं वाजली. बाहेरून कुणीतरी दार ठोठावून शेजारची कुठं गेली म्हणून विचारलं. अत्ती दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या आणि आतूनच म्हणाल्या, "घरात आम्ही दोघी बायामाणसं हाव. शेजारचं आमाला काय ठावं न्हाय." मग एकजण दुसऱ्याला म्हणाला, चला, ह्या पडक्यात काय असणार. पावलं गेली. त्यांनी शेजारचं दार फोडलं, रंगाची मडकी फोडली, आणि ते पुढं गेले. खोलीत रंगारी डोळे मिटून बसला होता. मडकी फुटल्याचे आवाज तो ऐकत होता आणि प्रत्येक आवाजाला त्याचे ओठ हलत होते. बहुधा कोणतं मडकं कोणत्या रंगाचं, हे त्याला आवाजावरून कळत असावं.

पुढं गावात बंदोबस्त लागला. जाणती माणसं घरोघर फिरली. रंगारी आणि खाला आपल्या घरी परतली, फुटलेलं दार बांधून घेतलं. दसऱ्याच्या सुमाराला एका सकाळी लिंगपूजा आटोपून अत्ती सरळ मोठ्या दाराशी गेल्या आणि त्यांनी अडसर काढला.

दार उघडेना. दोन पावसाळ्यांत लाकूड फुगलं होतं आणि बाहेरून मातीची रास उंबऱ्याशी बसली होती. आम्ही दोघींनी आतून जोर लावला. शेवटी रंगारी बाहेर येऊन फावड्यानं माती ओढू लागला, तेव्हा दाराची एक फळी कुरकुरत सरकली. उजेड आत शिरला तो पाण्यासारखा, आधी जमिनीवर पसरला, मग भिंतीवर चढला. सोप्यातला झोपाळा, देवळीतली समई, सगळं अनोळखी दिसू लागलं. आम्ही बाहेर जाऊन रस्त्याच्या पलीकडच्या कडेला उभ्या राहिलो आणि घराकडं पाहिलं. मी दीड वर्षात ते समोरून पाहिलं नव्हतं. पिंपळ हातभर वाढला होता. अत्ती बराच वेळ पाहत राहिल्या.

"पोरगा आला तर काय म्हणंल," असं त्या म्हणाल्या आणि लगेच आत जाऊन पाटी घेऊन आल्या.

तिथून दिवाळीपर्यंत आम्ही दुसरं काही केलं नाही. पहिल्यांदा पिंपळ काढला. अत्तींनी त्याची मुळं न तोडता, दगड थोडे सैल करून तो उपसला आणि ओढ्याकाठी लावून आल्या. ओट्याचे दगड एका पाथरवटानं काढून पुन्हा बसवून दिले. गावाबाहेरच्या जुन्या गढीची पांढरी माती आम्ही डोक्यावरून आणली, तिच्यात शेण आणि भुसा कालवून भिंतीचे सांधे भरले. दुपारच्या उन्हात ती ओली भिंत वाळताना तिच्यातून वाफेसारखा वास यायचा. तो वास मला इतका आवडायचा की मी भिंतीला गाल लावून उभी राहायची. रस्त्यावरची माणसं पाहायची, पण मला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. इतके दिवस मी फटीतून त्यांना पाहिलं होतं, आता त्यांनी मला पाहिलं तर काय बिघडलं.

चुनकळी आणून रांजणात भिजवली. पाण्यात पडताच ती फसफसायची, रांजण तापायचा. चुना हाताला लागू नये म्हणून त्यात बाभळीचा डिंक घातला. घायपाताचं पान ठेचून मी कुंचे केले, आमच्याकडं करतात तसे. पहिला हात दिला तेव्हा भिंत राखाडीच दिसली आणि माझा जीव खट्टू झाला. चुना वाळल्याशिवाय पांढरा होत नाही, हे मला माहीत असून मी विसरले होते. सकाळी उठून पाहिलं तर सगळी भिंत दुधासारखी झाली होती आणि समोरच्या घरावरही तिचा उजेड पडला होता.

काव लावायची की नाही यावरून मात्र आमचं जमेना. अत्तींना पट्टा नको होता. त्यांच्या मते तो देवळाला शोभतो, घराला नाही. मी म्हटलं, आमच्याकडं सगळ्या घरांना असतो. त्या म्हणाल्या, हे भूम आहे. संध्याकाळी त्यांनीच कावेची पुडी माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाल्या की लावायचा तर सरळ लाव.

आता आमची भिंत संपून खालाची सुरू व्हायची तिथं प्रश्न आला. ओटा एकच होता, तो तर दोघांचाही नीट झाला होता. पण तिच्या भिंतीवर जुन्या रंगांचे शिंतोडे होते आणि फुटलेल्या दाराभोवतीचा गिलावा गेला होता. अत्ती तिला म्हणाल्या, की चुना उरला आहे, तुमचीही भिंत आटोपून टाकू. खालानं मान हलवली.

"नक्को बाई," ती म्हणाली. "हमारी भीत जैसी है वैसी रहने देव."

अत्ती हातातला कुंचा तसाच धरून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "खाला, म्या बी असंच म्हणत हुते. आता कळतंय, आतल्या माणसाला बी मग घर पडकंच वाटाय लागतंय."

खालाला ते कळलं असणार, कारण तिचे डोळे भरून आले. पण ती हो म्हणाली नाही. अत्तींनीही आग्रह केला नाही. आमचा चुना जिथं संपायचा तिथं संपला. मी शेवटचा हात मारताना कुंचा चारेक बोटं पलीकडं गेला आणि तो मी पुसला नाही.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा माझे ठिपके राहिले होते. दुपारी मी ओट्यावर बसून तांबड्या पट्ट्यावर बोटानं चुन्याचे ठिपके देत होते. गल्ली आळसावलेली होती, कुठंतरी कांडप चालू होतं. खांद्याला पिशवी लावलेला एक वाळका, दाढी वाढलेला माणूस रस्त्यानं आला, आमच्यापुढून गेला आणि गल्लीच्या टोकाला जाऊन थांबला. मग परत आला. पुन्हा गेला. तिसऱ्यांदा तो माझ्यापुढं उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, इथं एक पडकं घर होतं. दारावर पिंपळ उगवलेलं. ते कुठं गेलं?"

मला राग आला. इतक्या दिवसांच्या कष्टानंतर पडकं हा शब्द मला सोसेना. मी पदर ओढून घेतला आणि ठिपक्यांकडंच पाहत म्हटलं, "पडकं न्हवतं ते. हेच हाय. कोण पायजे तुमाला?"

त्यानं भिंत वरपासून खालपर्यंत पाहिली, मग दार पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, आणि तसाच उभा राहिला. मला हा आवाज कधीतरी ऐकल्यासारखा वाटत होता, पण झोपेत ऐकल्यासारखा, कुठला ते लागेना. मी उठून आत हाक मारली, की अत्ती, कुणीतरी आलंय, घर विचारतंय. त्या पिठाचे हात घेऊन बाहेर आल्या. उंबऱ्यावर एक पाय आत, एक बाहेर अशा थबकल्या. मग त्यांनी ते पिठाचे हात त्या माणसाच्या दाढीवरून फिरवले आणि दाढी पांढरी झाली.

मी तिथंच भिंतीला टेकून उभी होते. ओल्या ठिपक्यांना माझ्या लुगड्याचा घोळ लागला आणि त्यावर पांढरी चांदणी उठली. नवऱ्याचं माझ्याकडं लक्ष गेलं आणि त्या वेळी ते भिंतीकडं पाहत नव्हते, मीही जमिनीकडं पाहत नव्हते. त्यांना हसू आलं. ते म्हणाले की बार्शीहून निघाल्यापासून त्यांच्या डोळ्यांपुढं पोपडे उडालेली भिंत आणि तो पिंपळच होता, त्या खुणेवरच ते चालत आले होते. खूण गेली म्हणून ते आपल्याच दारावरून दोनदा पुढं गेले.

त्या दिवशी ते लवकर आत आलेच नाहीत. ओट्यावर बसून राहिले. येणारी-जाणारी माणसं थांबत होती, बोलत होती, आणि ते मधूनच मागं हात नेऊन भिंतीला बोटं लावून पाहत होते. चुना बोटांना लागत नव्हता. डिंक चांगला बसला होता.

पुढं त्यांनी दुकानाच्या फळ्या काढल्या आणि तेलामिठाचं दुकान पुन्हा सुरू केलं. त्या खोलीत दिवसभर उजेड असायचा. मला मात्र तिथं गेलं की अजून डोळे मिटावेसे वाटायचे. खाला दुकानात यायची ती दारातच उभी राहून माल घ्यायची, आत पाऊल टाकायची नाही. आम्ही तिला कधी त्याबद्दल विचारलं नाही.

संक्रांत झाल्यावर एका सकाळी ती खिडकीशी आली आणि चुना कितीसा लागेल म्हणून विचारू लागली. आदल्या रात्री रंगाऱ्यानंच विषय काढला होता. त्यानं नवी मडकी घेतली होती आणि पुन्हा कामं येऊ लागली होती. या वेळी भिंत आम्ही तिघा-चौघांनी मिळून रंगवली. चुना जरा उजळ दिसावा म्हणून त्यानं त्यात थोडी नीळ घालायची ठरवली, आणि आयुष्यभर कापडाला रंग दिलेल्या त्या माणसाचा भिंतीचा अंदाज साफ चुकला. सकाळी पाहतो तर खालाची भिंत आभाळाच्या रंगाची झालेली. गल्लीतली माणसं पाहायला आली. रंगारी ओट्यावर डोकं धरून बसला. खाला आधी त्याच्यावर चिडली, मग रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभी राहिली, भिंत पाहिली, आणि पदर तोंडाला लावून इतकं हसली की तिला खाली बसावं लागलं. भाद्रपदापासून आम्ही तिला हसताना पाहिलं नव्हतं.

अत्ती तिच्या शेजारी जाऊन बसल्या. मीही गेले. रस्त्याच्या कडेला, धुळीत, आम्ही तिघी त्या दोन घरांकडं तोंड करून बसलो होतो, आणि ऊन हळूहळू पांढऱ्या भिंतीवरून निळ्या भिंतीवर सरकत होतं.